समुद्रातल्या तेलविहिरीचा निकाल येईपर्यंत शेअर ठेवायचे की आधीच काढायचे?

गलबत:
लंडनच्या एआयएम (छोट्या, वाढत्या कंपन्यांसाठीच्या) बाजारात नोंदलेल्या एका छोट्या तेलशोध कंपनीबद्दल विचारायचं आहे. नाव मुद्दाम देत नाही, चर्चा हिशेबावर व्हावी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात एक विहीर दोन-अडीच महिन्यांत सुरू होणार आहे. कंपनीचा वाटा २५ टक्के, बाकीचा मोठ्या ऑपरेटरकडे, म्हणजे खोदकाम चालवणाऱ्या कंपनीकडे. सीपीआरमध्ये (कंपनीने तज्ज्ञांकडून करून घेतलेला साठ्याचा अहवाल) ४० कोटी बॅरल लिहिलंय, त्यापुढे 'ग्रॉस, अनरिस्क्ड, मीन प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्सेस' असे शब्द आहेत. भूगर्भीय यशाची शक्यता २० टक्के. बाजारात १८० कोटी शेअर आहेत. नुकत्याच झालेल्या प्लेसिंगचे (संस्थांना थेट विकलेले नवे शेअर) ४० कोटी अजून यायचेत आणि वॉरंट-ऑप्शन (ठरलेल्या भावाने नवे शेअर घेण्याचे हक्क) मिळून २० कोटी. विहिरीचा आपला खर्च भागवून १.२ कोटी पौंड रोकड उरेल असं कंपनी म्हणते. भाव सहा महिन्यांत ३.८ पेन्सवरून ६ वर आलाय.

प्रश्न तीन. या ४० कोटी बॅरलचा शेअरच्या भावाशी संबंध कसा जोडायचा? निकालापर्यंत थांबावं का? आणि निकालाच्या आरएनएसमध्ये (लंडन बाजारातली अधिकृत घोषणा) नेमकं काय वाचायचं? माझं यूकेत आयसा (करमुक्त गुंतवणुकीचं) खातं आहे, भाऊ पुण्याहून एलआरएसने (भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची योजना) घ्यायचं म्हणतो, त्याबद्दलही सांगा.

लेखाजोखा:
तुम्ही सगळे आकडे दिलेत, त्यामुळे पाटीवर मांडूनच बघू.

४० कोटी 'ग्रॉस' आहेत, म्हणजे सगळ्या भागीदारांचे मिळून; 'प्रॉस्पेक्टिव्ह' म्हणजे अजून न सापडलेले, आणि 'अनरिस्क्ड' म्हणजे अपयशाची शक्यता न धरता. कंपनीच्या वाट्याला २५ टक्के, म्हणजे १० कोटी. आता बॅरलची किंमत. इथे बहुतेक जण ब्रेंटचा (कच्च्या तेलाचा आंतरराष्ट्रीय) भाव घेऊन गुणाकार करतात आणि तिथेच घसरतात. समुद्राच्या तळाखाली असलेलं, विकासाचा निर्णय न झालेलं तेल विकत घेणारी मोठी कंपनी बॅरलला ब्रेंटच्या भावाचा अगदी छोटा अंश देते, कारण पुढचा अब्जावधी डॉलरचा खर्च, सरकारचा हिस्सा आणि पाच-सात वर्षांची वाट हे सगळं तिच्या अंगावर असतं. मी अशा ठिकाणी दोन ते तीन डॉलर धरतो. सरकारी करार कडक असेल तर एकच. इथे अडीच धरू.

१० कोटी गुणिले अडीच म्हणजे २५ कोटी डॉलर. पौंड १.३० डॉलरचा धरला तर साधारण १९.२ कोटी पौंड. याला १८० कोटींनी भागू नका. प्लेसिंग आणि वॉरंट धरून शेअर होतात २४० कोटी. उत्तर येतं ८ पेन्स. त्यात रोकडीचा अर्धा पेनी मिळवा. यश आलं तर साडेआठ, विहीर कोरडी निघाली तर उरलेल्या रोकडीचा अर्धा पेनी. भाव ६.

आता उलटा हिशेब करा. आज ६ पेन्स देणं रास्त ठरायला यशाची शक्यता किती हवी? साडेपाच भागिले आठ, म्हणजे जवळपास ६९ टक्के. कंपनीचा स्वतःचा अहवाल २० म्हणतो. २० टक्क्यांनी भाव येतो २.१ पेन्स. अडीचऐवजी चार डॉलर धरलेत तरी तो ३.१ च्या वर जात नाही.

म्हणजे आजच्या भावात खडकाची किंमत थोडी आणि निकालाआधीच्या उत्सुकतेची जास्त आहे. ३.८ ला घेणाऱ्याचा नफा या उत्सुकतेतूनच आलाय, आणि ती विहिरीच्या निकालाबरोबर संपते.

खडकवाचक:
लेखाजोखांच्या हिशेबात दोन गोष्टी जोडतो, आणि दोन्हींमुळे चित्र आणखी कडक होतं.

एक, 'मीन' म्हणजे मधला आकडा नव्हे. अहवालात पी९०, पी५०, पी१० अशी तीन अनुमानं असतात, म्हणजे साठा त्याहून जास्त निघण्याची शक्यता अनुक्रमे ९०, ५० आणि १० टक्के. समजा पी९० आहे ८ कोटी, पी५० २७ कोटी आणि पी१० ९० कोटी. याची भारित सरासरी काढली, टोकांना ३० टक्के आणि मधल्याला ४० टक्के वजन देऊन, तर मीन येतो ४० कोटी. म्हणजे तेल लागलं तरी निम्म्या वेळा ते २७ कोटींपेक्षा कमीच असणार. मोठ्या टोकाने सरासरी वर ओढली जाते. कंपनीच्या सादरीकरणात नेहमी मीन छापतात, तुम्ही पी५० शोधा.

दोन, २० टक्के ही शक्यता 'भूगर्भीय' यशाची आहे, व्यापारी यशाची नाही. ती कशी काढतात ते बघा. तेल तयार करणारा स्रोतखडक आहे का: ०.९. तेल साठवायला सच्छिद्र वाळूचा दगड आहे का: ०.७. सापळ्याचा आकार खरा आहे का: ०.६. वरचं झाकण गळत नाही ना: ०.६. गुणाकार ०.२३ च्या आसपास. चारही गोष्टी एकाच जागी जमाव्या लागतात. शेजारच्या ब्लॉकमध्ये शोध लागला की भाव उसळतो, पण त्या शोधाने मुख्यतः स्रोतखडकाचा आकडा सुधारतो. तुमच्या सापळ्याच्या झाकणाबद्दल शेजारची विहीर फारसं सांगत नाही.

आणि भूगर्भीय यश म्हणजे वाहू शकेल असं काहीतरी सापडलं, इतकंच. खोल पाण्यात १५ कोटी बॅरलखाली प्रकल्प परवडणारच नसेल, तर १० कोटींचा शोध हे भूगर्भीय यश आणि व्यापारी अपयश. म्हणून ही शक्यता २० नाही, बारा-चौदा धरा.

अपयशही एकाच प्रकारचं नसतं. लोकांना फक्त 'कोरडी विहीर' माहीत असते, पण एआयएमचा इतिहास पाहिला तर किमान चार प्रकार दिसतात.

सरळ अपयश: बहामास पेट्रोलियमची पर्सिव्हिरन्स-१. डिसेंबर २०२० मध्ये खोदायला घेतली, ८ फेब्रुवारी २०२१ ला व्यापारी साठा नाही असं जाहीर झालं. भाव कोसळला, कंपनीने पुढे नाव बदलून चॅलेंजर एनर्जी केलं. तिथे आधीच दिसत असलेली खूण म्हणजे वर्षानुवर्षं शोधूनही खर्च उचलणारा मोठा भागीदार मिळाला नव्हता, विहिरीचा भार छोट्या कंपनीनेच उचलला.

पाण्याला तेल समजणं: फॉकलंड बेटांजवळ डिझायर पेट्रोलियमची रेचल नॉर्थ. २ डिसेंबर २०१० ला तेल सापडल्याची घोषणा, ६ डिसेंबरला, सोमवारी सकाळी, ते पाणी असल्याची दुरुस्ती. मध्ये बाजाराचा फक्त एक शुक्रवार आणि शनिवार-रविवार. पहिल्या घोषणेवर घेतलेल्यांना बाहेर पडायला फारसा वेळच मिळाला नाही.

सापडलं पण नको तसं: गयानाच्या ओरिंडुइक ब्लॉकमध्ये २०१९ च्या ऑगस्टमध्ये जेथ्रो आणि सप्टेंबरमध्ये जो, दोन्ही विहिरींत तेल. टलो ऑपरेटर, टोटल भागीदार, छोट्या इको अटलांटिककडे १५ टक्के. सगळे खुश. नोव्हेंबरमध्ये नमुने तपासून आले तेव्हा कळलं की तेल जड आहे आणि गंधक जास्त. इकोचा भाव त्या दिवशी आपटला. खडकात तेल होतं, पण घेणारा नव्हता.

सापडलं, चांगलं होतं, तरी वर्षं गेली: रॉकहॉपरचं सी लायन. मे २०१० मध्ये शोध, भाव एका दिवसात दुपटीहून वर. २०१२ मध्ये ६० टक्के वाटा प्रीमियर ऑइलला दिला, २३.१ कोटी डॉलर रोख आणि विकासखर्चातला मोठा भार प्रीमियरवर. नंतर प्रीमियर हार्बरमध्ये गेली, हार्बर बाहेर पडली, नॅव्हिटास आली. २०२५ उलटलं तरी त्या क्षेत्रातून एक बॅरलही विकलं गेलेलं नव्हतं. आणि लक्षात घ्या, फॉकलंडच्या त्या मोहिमेत हे सर्वोत्तम यश होतं. ओशन गार्डियन हा एकच रिग (खोदकामाचा तरंगता सांगाडा) स्कॉटलंडहून ओढत नेऊन काही कंपन्यांनी आळीपाळीने वापरला होता, आणि प्रत्येक विहिरीआधी सगळ्यांचे भाव एकत्र हलत होते.

सातवाजता:
मी फक्त व्यवहाराचं सांगतो.

निकाल आरएनएसवर सहसा लंडनच्या सकाळी ७ ला येतो. भारतात उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. बाजार ८ ला उघडतो. या एका तासात सगळं ठरून गेलेलं असतं. स्टॉपलॉस (भाव पडला की आपोआप विकण्याचा आदेश) ४ ला लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका. आदल्या दिवशी ६ वर बंद झालेला शेअर १.२ ला उघडतो आणि तुमचा स्टॉपलॉस १.२ ला, किंवा त्याखाली, विकतो. मधे भावच नसतो.

स्प्रेड बघा. ५.८ ला घेणारा आणि ६.२ ला विकणारा असेल तर आत शिरताक्षणी ६.५ टक्के गेले. वर मार्केट मेकर (खरेदी-विक्रीचे भाव देणारी संस्था) ठरावीक संख्येपर्यंतच ऑनलाइन भाव देतो. निकालाच्या आठवड्यात ती मर्यादा खाली येते. पाच लाख शेअर एका फटक्यात विकायला गेलात तर स्क्रीनवर भावच येत नाही, ब्रोकरला फोन करावा लागतो. म्हणून बाहेर पडायचंच असेल तर विहीर ठरलेल्या खोलीला पोचण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तुकड्यातुकड्याने.

'मूळ पैसे काढून घ्या, उरलेले शेअर फुकट' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तुम्ही ३.८ ला घेतले असतील, तर ६ वर ६३ टक्के विकले की खरेदी वसूल होते. पण उरलेले ३७ टक्के फुकट नाहीत, त्यांची आजची किंमत ६ पेन्स आहे आणि वरच्या हिशेबाप्रमाणे त्यांची लायकी दोनच्या आसपास. खरेदीचा भाव विसरा. आज हातात रोख असती तर हे शेअर ६ ला घेतले असते का, एवढंच विचारा.

शिवाय प्लेसिंग. संध्याकाळी साडेचारनंतर, बाजार बंद झाल्यावर घोषणा येते, रात्रीत संस्थांना १० ते २५ टक्के सवलतीत शेअर वाटले जातात, सकाळी भाव तिथे येऊन बसतो. भाव वाढला की कंपनी पैसे उभे करते, यात काही काळंबेरं नाही, तिचं कामच ते आहे. तुमच्या कंपनीने एक केलंय. रिग उशिरा आला तर दुसरं येईल. उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याचा कार्यालयीन खर्च त्या १.२ कोटींतूनच जातो.

गलबत:
हिशेब पटला. ४० कोटींचा आकडा वाचून मी थेट ब्रेंटने गुणत होतो. दोन शंका आहेत. ऑपरेटर मोठा आहे हे जमेचं नाही का? आणि आरएनएसचे शब्द राहिले.

खडकवाचक:
मोठा ऑपरेटर जमेचाच, पण कशासाठी ते बघा. त्याच्या ताळेबंदात ही विहीर दहातली एक आहे. कोरडी निघाली तर तो पुढच्या वर्षी दुसरीकडे खोदेल, तुमची कंपनी तिथेच संपेल. तो पुढची मूल्यमापन विहीर लगेच घेईलच असंही नाही. भागीदारी करार वाचा: तो तुमच्या २५ टक्क्यांचा खर्च उचलतोय का, आणि खर्चाला कमाल मर्यादा आहे का? मर्यादा ५ कोटी डॉलर आणि विहीर पाइप अडकल्यामुळे ७ कोटींवर गेली, तर वरच्या २ कोटींतला चौथा हिस्सा, ५० लाख, तुमच्या कंपनीच्या खिशातून. 'कॅरी' हा शब्द दिसला की 'कॅप' शोधायचा.

आता शब्द.

'शोज' म्हणजे खोदताना वर आलेल्या चिखलात वायूचे अंश किंवा दगडाच्या चुऱ्यावर तेलाचा डाग. पुष्कळ विहिरींत मिळतात. याला शोध म्हणत नाहीत.

'नेट पे' (खरोखर तेल देऊ शकणाऱ्या थराची जाडी) मीटरमध्ये दिलेलं असेल तर चांगलं, पण सोबत सच्छिद्रता टक्क्यांत आणि पारगम्यता मिलिडार्सीत हवी. फक्त 'ग्रॉस इंटरव्हल ११० मीटर' लिहून नेट पे गाळला असेल तर तो सांगण्यासारखा नाही असं समजा.

'नमुने पृष्ठभागावर आणले' हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. लॉग म्हणजे विद्युत रोध, घनता वगैरेंवरून काढलेला अंदाज. गोडं पाणी विजेला रोध करतं, तेलही करतं, त्यामुळे फक्त लॉगवर विसंबलं तर गफलत होते. विहिरीच्या भिंतीतून शोषून वर आणलेला द्रव आणि वेगवेगळ्या खोलीवरचा दाब, हे दोन मिळाले की शंका संपते. रेचलचा धडा हाच: लॉगवरच्या घोषणेवर खरेदी करायची नाही, नमुन्यांची वाट बघायची.

एपीआय अंश (तेल किती हलकं याचं माप) बघा. ३० च्या वर हलकं, २२ च्या खाली जड. जड तेल खोल पाण्यात, थंड समुद्रतळावरच्या पाइपातून नेणं महाग पडतं.

'प्लग्ड अँड अबँडन्ड' वाचून घाबरू नका. शोधविहिरी यशस्वी झाल्या तरी सिमेंट घालून बंद करतात, कारण उत्पादनाच्या विहिरी वेगळ्या खोदतात. 'सस्पेंडेड' लिहिलं असेल तर परत येण्याचा विचार आहे.

'प्रवाह चाचणी' असेल तर आकड्यासोबत चोकचा (प्रवाह आवरणाऱ्या झडपेच्या छिद्राचा) आकार आणि वेळ मागा. एका इंचाच्या ४८/६४ चोकवर २४ तास टिकलेला २००० बॅरलचा प्रवाह आणि पूर्ण उघड्या चोकवर दोन तास मिळालेला ५०००, यात पहिला जास्त बोलतो. दुसऱ्यात दाब किती वेगाने पडला ते झाकलं जातं.

लेखाजोखा:
विहीर यशस्वी झाली, तेल वाहू लागलं, म्हणजे सट्टा संपला असंही नाही, म्हणून हरिकेन एनर्जीचं उदाहरण जोडतो. शेटलंडच्या पश्चिमेला लँकेस्टर क्षेत्र, ग्रॅनाइटसारख्या तळखडकाच्या भेगांतलं तेल. जून २०१९ मध्ये आओका मिझू या तरंगत्या जहाजावरून उत्पादन सुरू झालं. भेगांत तेल किती आणि पाणी किती वर आहे हे आधी नीट मोजता येत नाही. पाणी अपेक्षेपेक्षा लवकर आलं आणि २०२० मध्ये कंपनीला साठ्याचा अंदाज निम्म्याहूनही खाली आणावा लागला. दरम्यान २३ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे (शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) जुलै २०२२ ला फेडायचे होते. २०२१ मध्ये व्यवस्थापनाने रोखेधारकांना ९५ टक्के कंपनी देण्याची योजना मांडली, भागधारकांना उरले असते ५ टक्के. जून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली, पुढे तेलाचा भाव वाढला आणि रोखे फेडले गेले. म्हणून ताळेबंदात आधी परिवर्तनीय रोखे आणि त्यांची तारीख बघायची, मग बॅरल.

आपल्याकडचं समांतर उदाहरण हवं तर हिंदुस्तान ऑइल एक्स्प्लोरेशनचं कावेरी खोऱ्यातलं पीवाय-१. तोही भेगांचा तळखडक, तिथेही वायूचं उत्पादन अपेक्षेआधी घटलं आणि साठ्याचा अंदाज कापावा लागला. बीएसई-एनएसईवर हा शेअर बघणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

कोकणकडा:
भावासाठी. एलआरएसची मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते, तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. मार्जिनसाठी पैसे पाठवायला एलआरएसमध्ये परवानगी नाही, त्यामुळे सीएफडीचा (शेअर न घेता मार्जिनवर भावाचा सट्टा) विषय काढूच नका. परदेशी शेअर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावे लागतात, आणि तिथे आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्ष चालतं. नफा २४ महिन्यांनंतरचा असेल तर १२.५ टक्के, आधीचा असेल तर स्लॅबप्रमाणे. अशा शेअरमध्ये २४ महिने सहसा कोणी राहत नाही, म्हणजे ३० टक्के धरून चाला. आपल्याकडची बहुतेक ॲप फक्त अमेरिकेचे शेअर देतात, एआयएमसाठी आंतरराष्ट्रीय ब्रोकर लागतो, रुपया ते पौंड बदलण्याचा खर्च वेगळा.

तुमच्यासाठी: एआयएमचे शेअर २०१३ पासून आयसात चालतात आणि २०१४ पासून त्यांच्यावर स्टॅम्प ड्युटी नाही. पण आयसातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. बुडण्याची शक्यता ऐंशी टक्के असलेला शेअर आयसात ठेवला तर वार्षिक २० हजार पौंडांची जागाही जाते आणि तोट्याची वजावटही. बाहेरच्या खात्यात ठेवला आणि कंपनी शून्यावर गेली, तर न विकताही 'नगण्य मूल्या'चा दावा करून तोटा धरता येतो. आणखी एक: ७५ टक्के मतांनी कंपनी एआयएममधून बाहेर पडू शकते. तसं झालं की शेअर तुमच्या नावावर राहतो, विकत घेणारा मिळत नाही. भारतातल्या करदात्याला तो तोटा दाखवायला सहसा विक्रीच व्हावी लागते, तिथे भाऊ अडकेल.

गलबत:
सगळ्यांचे आभार. दोन तृतीयांश या आठवड्यापासून तुकड्यात काढतो. उरलेले निकालापर्यंत ठेवायचे तर किती ठेवावेत?

लेखाजोखा:
रक्कम ठरवताना ६ पेन्सचा अर्धा पेनी होणार असं धरा, म्हणजे ९२ टक्के तोटा. एकूण गुंतवणुकीच्या १ टक्क्याहून जास्त अशा एका विहिरीवर नको. मी असतो तर उरलेलेही रिग जागेवर पोचल्याच्या आरएनएसच्या आठवड्यातच काढले असते, कारण त्या दिवशी घेणारे भरपूर असतात आणि स्प्रेड सगळ्यात कमी. काढण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर एआयएमच्या नियम २६ चं पान उघडा, तिथे शेअरची ताजी संख्या आणि ३ टक्क्यांवरचे भागधारक असतात. मागच्या प्लेसिंगमधल्या संस्था ३ टक्क्यांखाली उतरल्याच्या टीआर-१ नोंदी येऊ लागल्या असतील तर आठवडाभरही थांबू नका.